पांढऱ्या पोटाचा उंदीर

आकारामानं बायकोचा हात मोडला तो दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे बायकांनी नवऱ्याला ओवाळायच्या दिवशी. सकाळी मनुबाईनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं होतं. लढाईवरून जिता परत आलेला नवरा, येऊन जेमतेम आठ दिवस झालेले, तेव्हा ओवाळताना तिचे डोळे भरून आले होते. दुपारी ती माजघरात कणगीतून जोंधळे काढायला वाकली, कोपर लागून पितळेची घागर पडली आणि घणघणत भिंतीपर्यंत गेली. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली. पुढच्या क्षणी मागून नवऱ्याचा पंजा तिच्या तोंडावर बसला. नाकही दाबलं गेलं. ती धडपडली तसा पंजा आणखी आवळला, आणि तिनं जिवाच्या आकांतानं चावा घेतला तेव्हा त्यानं दाराचा अडसर उचलला. उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मनुबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकला.

संध्याकाळी हाडवैद्य हात बांधून गेल्यावर आकाराम ओट्यावर तिच्याजवळ येऊन बसला.

"हाताला काय झालं गं?" त्यानं विचारलं.

सोंग नव्हतं ते. त्याला खरोखर काही आठवत नव्हतं, आणि मनुबाई माराला भ्याली नाही इतकी त्या प्रश्नाला भ्याली.

पौष येईपर्यंत असं पाच वेळा झालं. एकदा तिचा दात पडला, एकदा ती शुद्ध हरपून चुलीजवळ पडून राहिली. गाव म्हणालं, पलटणीतला गडी आहे, हात जरा सुटणारच. गावाच्या बापाचं काय जातंय म्हणायला! हात मनुबाईचा मोडला होता. तो बरा झाला पण वाकडा बसला, आणि भाकरी थापताना रोज आठवण करून देऊ लागला. सासू धोंडुबाईचं म्हणणं असं की परमुलखात मेलेलं कुणीतरी पोराच्या मागं लागून आलंय. तिनं मिरच्या ओवाळल्या, लिंबं उतरली, देवऋषी आणला. देवऋष्यानं आकारामाच्या पाठीवर वेताची छडी मोडली आणि कोंबडं घेऊन तो निघून गेला.

घर लालासाहेबानं बांधलेलं. लालासाहेब म्हणजे आकारामाचा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मोठा. बायको बाळंतपणात गेल्यावर पुन्हा बोहल्यावर न चढलेला, कष्टाळू आणि हेकट. धाकटा तिकडे इटलीत लढत होता तेव्हा यानं इकडे जुनं छप्पर पाडून पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती चढवल्या. बेचाळीसपासून कृष्णाकाठच्या त्या सगळ्या मुलखात धामधूम होती. आज पोलीस घुसत, उद्या दरोडेखोर. म्हणून माजघराला त्यानं एकही खिडकी ठेवली नाही. "भाऊ ईल तवा त्येला घर असं पायजे, तोफंचा गोळा आला तरी हालायचं न्हाई," असं तो गवंड्याला सांगे. भावाच्या मायेनंच बांधलं होतं ते, त्याबद्दल त्याला कुणी बोल लावू नये. पण भर दुपारी त्या माजघरात स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे.

पाचव्या खेपेला लालासाहेबानं भावाला बैलाच्या कासऱ्यानं माजघराच्या खांबाला बांधलं आणि बाहेरून कडी घातली. बांधताना तो स्वतः रडत होता. दीड दिवस आतून आवाज येत राहिले. आधी ओरडण्याचे, मग नुसते धप्‌धप्‌. दार उघडलं तेव्हा आकारामाचं कपाळ फुटून डोळ्यांवर रक्त वाळलं होतं आणि खांबाला केस चिकटले होते. लालासाहेब उमजला काय, तर कासरा पुरत नाही. पुढच्याच बाजाराला तो सांगलीला गेला आणि जाड लोखंडी साखळी घेऊन आला. खांबाला कडी ठोकायची तेवढी बाकी राहिली.

ती राहिली, कारण मारुतीच्या देवळात उंदीर पडला.

उंदीर पडला म्हणजे काय, ते त्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक होतं. भर दिवसा उंदीर बिळातून बाहेर येतो, झोकांड्या खातो, स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि माणसांच्या देखत मरून पडतो. त्याच्यामागून माणसांच्या जांघेत गाठ येते. चार दिवसांत दोन माणसं गेली. पंचांनी दवंडी दिली, आणि एका दिवसात सगळं गाव उठून ज्याच्या त्याच्या रानात खोपी घालून राहायला गेलं. सांगलीहून टोचणारे आले, ओळीनं सगळ्यांना टोचून गेले. गावात कुत्र्यांखेरीज कुणी राहिलं नाही.

लालासाहेबाचा मळा गावापासून अर्ध्या कोसावर, ओढ्याच्या काठाला. काठानं जुन्या करंजांची राई होती, इतकी दाट की खाली कधी गवत वाळत नसे. त्या राईच्या कडेला कळकांवर उसाचं पाचट टाकून त्यांनी खोप घातली. समोरून उघडीच, दार नाही, कडी नाही.

पहिले आठ दिवस मनुबाई उशाला विळा घेऊन झोपली. मारायचा नव्हता, पण वाकड्या हातानं निदान अडवता तरी येईल, एवढाच हिशेब. विळा काही लागला नाही. घरात घोंगडीखाली रात्र रात्र दात खाणारा आकाराम पाचटावर अंग टाकताच घोरायला लागला. पहाटे उठून तो मोट धरू लागला. पाट फोडून उसाला पाणी देऊ लागला. दुपारी करंजाच्या बुंध्याला पाठ लावून बसे आणि वर पानांत हलणारी उन्हं बघत राही. घरात पाण्याचा तांब्या धरताना त्याचा हात थरथरायचा, पाणी छातीवर सांडायचं. पंधरा दिवसांनी त्याच हातानं तो एका टोल्यात बैलाच्या जोखडाची खुंटी ठोकत होता. अंगावर मांस धरू लागलं. एकदा तर त्यानं भाकरीला नाव ठेवलं, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर प्रथमच मनुबाईला नवऱ्यानं नाव ठेवल्याचा आनंद झाला.

तरी तिचा भरवसा बसत नव्हता. तो बसला एका दुपारी. खोंड उधळलं आणि त्यानं चुलीवरचं मोठं मडकं लाथेनं उडवलं. आवाज असा झाला की राईतले पक्षी उठले. मनुबाईनं स्वतःचं तोंड स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि ती जागच्या जागी बसली. आकारामानं पाटावरून मान वळवली.

"फुटलं व्हय?" तो म्हणाला. "कालवण गेलं म्हन की." आणि पुन्हा पाण्याकडे वळला.

त्या दुपारी तीच त्याच्याजवळ करंजाखाली जाऊन बसली. मग तिनं विचारलं, "आवं, तकडं काय झालं हुतं?"

तो ओल्या मातीचा गोळा करून हातात फिरवत राहिला. मग पाण्याकडे बघत बोलू लागला.

"इटलीत एका घरात दबा धरून हुतो. तोफंचा गोळा पडला, घर अंगावर आलं. मी आन्‌ पाटणकडचा ज्योतिबा, दोगं खाली घावलो. नुसता अंधार. त्येचा पाय दगडाखाली चेचला हुता, लय वरडायचा. आन्‌ वर दुश्मन फिरत हुतं. पायताणं वाजायची, बोलणं ऐकू यायचं. मी त्येच्या तोंडावर हात ठिवला. म्हनलं गप रं गड्या, गप, जात्यात आता. ती गेलीच न्हाईत. हात काढावा तर त्यो वरडणार. मग लय येळानं तीबी गेली. मी हात काढला. म्हनलं, ज्योतिबा, आता वरड. त्यो कुठला वरडतोय."

मातीचा गोळा त्याच्या मुठीत चुरडून गेला होता.

"दोन दिस त्येच्याजवळ पडून हुतो. रोज हाक मारत हुतो. नंतर लोकांनी उकरून काढलं मला."

मनुबाईला रडू फुटलं, आणि रडता रडताच सगळं लख्ख समजलं. हा माणूस तिला मारत नव्हता. त्या काळ्याकुट्ट खोलीत कुणी हूं केलं की तो दुश्मनाच्या पायाखाली ज्योतिबाचं तोंड दाबत होता. इथं वर आभाळ होतं, झाडं होती, पाणी वाजत होतं, आणि कुणाचंही तोंड दाबायचं कारण नव्हतं. बाधा घरातच होती. लालासाहेबानं मायेनं बांधलेल्या त्या दोन हाती भिंतीत.

थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती. तिनं धोंडुबाईच्या तोंडून निरोप घातला, की आम्हां दोघांना इथंच राहू द्या. लालासाहेब भाकरी खात होता. त्यानं भाकरी खाली ठेवली.

"आय, तिला सांग, झाडाखाली जनावरं ऱ्हात्यात. माझ्या भावाला मी जनावर केलं असं गाव म्हनंल. पाडव्याला गुढी आपल्या दारात उभारंल, आन्‌ आकाराम त्या दारातनं आत जाईल. त्येची तब्येत सुधारलीया न्हवं? मग घरात आनखी सुधरंल. न्हाई सुधारली तर साखळी हायच."

आकाराम तिथंच होता. साखळी म्हटल्यावर त्याचा हात पुन्हा थरथरला. पण थोरल्या भावापुढे बोलायची त्याच्या सात पिढ्यांत कुणाची छाती नव्हती.

गाव परत भरायचा पंचांचा नियम साधा होता. दर आठवड्याला प्रत्येक घरातल्या एका माणसानं जाऊन घर उघडायचं, झाडायचं, बघायचं. सलग एक महिना कुठल्याही घरात उंदीर पडला नाही, की गाव भरायचं. लालासाहेबाच्या घरातून हे काम मनुबाईकडे आलं होतं. माघ सरत आला. महिना पुरा व्हायला चार दिवस उरले, आणि बायका मडकी आवरू लागल्या.

आता उंदीर पडत नसेल तर पाडायला हवा, हे तिच्या मनात कधी आलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गावातले उंदीर तर आधीच मरून संपले होते. पण उसात होते. सरीत पाणी सोडलं की बिळं बुडत आणि ते बाहेर पळत. पहिल्या दोघांना तिनं काठीनं ठेचलं. तोंडातून रक्त आलं, डोळे बाहेर आले, आणि ती स्वतःवरच चिडली. ठेचलेला उंदीर रोगानं मेला असं कोण मानील? तिसरा तिनं पदरात धरला आणि पाटाच्या पाण्यात दाबला. तो पदरातून कडकडून चावला. शेपटी तिच्या मनगटावर फटके मारत राहिली, हळूहळू सैल पडत गेली. ती मान दाबून बसून होती, ओठ आवळून.

"सोड त्येला."

मागं बांधावर आक्काताई उभी होती. शेजारच्या मळ्यातली म्हातारी जैन बाई, एकटी, सूर्य मावळल्यावर घोटभर पाणीही न पिणारी. पायवाटेवर मुंग्यांची रांग दिसली तर शेताला वळसा घालून जाणारी. मनुबाईनं सोडलं नाही. शेपटी निपचित झाल्यावरच तिनं हात वर काढला.

"काय केलं हुतं गं त्या मुक्या जिवानं तुझं?"

"कायबी न्हाई, आक्का. त्येनं कायबी केलं न्हाई." मनुबाईनं चोळीची बाही वर सारली आणि वाकडा हात पुढे केला. मग सगळं सांगितलं: अडसर, दात, खांब, साखळी, ज्योतिबा. "घरात गेलो की एक तर म्या मरीन, न्हाई तर ह्येनला साखळीला बांधून मारत्याली."

आक्काताई शेणाची पाटी खाली ठेवून बांधावर बसली.

"पाप हाय गं पोरी ह्ये."

"व्हय. नरकात जाईन. पर माझ्या वाटंवर नरकाच्या आधी ती खोली हाय."

म्हातारी त्या ओल्या उंदराकडे बघत राहिली. "मी हून कुणाला सांगायची न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पर कुणी इचारलं तर खोटं बोलायची न्हाई. तेवढं ध्यानात ठेव." आणि पाटी उचलून, खाली बघत, जपून पाय टाकत ती निघून गेली.

उंदीर माजघरात पडलेला सापडला, सापडला म्हणजे मनुबाईनंच दारातून हाकाटी केली. पंच आले, नाकाला उपरणं लावून लांबूनच बघून, रॉकेल ओतून जाळून गेले. जवळ जाऊन कोण बघतो? महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा ठरला. गाव हळहळलं. उन्हं तापू लागली होती, लोक चिडचिडत होते, एक पोटुशी तर खोपीतच बाळंत झाली. मनुबाईला ते सगळं ऐकू येई आणि घास उतरत नसे. तरी आकारामाकडे बघितलं की उतरे. शिमग्याला करंजांची जुनी पानं झडून एकदम नवी पोपटी पालवी आली, आणि आकाराम त्या झाडांखाली कुणाशी तरी पैज लावल्यासारखा मोठ्यानं हसला. ते हसू आपण चोरीचं विकत घेतलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसरा महिना पाडव्याच्या आदल्या दिवशी भरत होता. तिनं दुसरा उंदीर बुडवला आणि सकाळी नेऊन कणगीमागे टाकला. गावकऱ्यांना बोलवायला ती वळली, तर दारात लालासाहेब, हातात चुन्याची बादली. गुढीसाठी भिंत पांढरी करायला आला होता.

"उंदीर पडलाय," ती पदर ओढून पुटपुटली.

लालासाहेबानं बादली ठेवली. चिमटा घेऊन तो आत गेला आणि उंदीर शेपटीला धरून उजेडात आणला. तीस वर्षं ऊस पिकवलेला माणूस तो. घरातला उंदीर मळक्या पोटाचा आणि लांब शेपटीचा असतो. याचं पोट पांढरं होतं, शेपटी आखूड, आणि दातांत उसाची शीर अडकली होती.

"ह्यो रानातला हाय," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "पाण्यानं भिजल्याला."

तो तिला मनगटाला धरून मळ्यापर्यंत ओढत घेऊन गेला. तिथं ओढ्याच्या बांधावर आक्काताई गवत काढत होती. त्यानं चिमट्यातला उंदीर तिच्यापुढे धरला.

"आक्का, तुमचा मळा लगत. तुमी खोटं बोलत न्हाई. हिनं उंदीर मारल्यालं बघितलंसा?"

आक्काताईचा खुरपं धरलेला हात थांबला. मनुबाई तिच्याकडे बघत होती. म्हातारीनं खुरपं खाली ठेवलं.

"बघितलं."

"बास."

"का मारलं त्येबी इचार, लालासाब."

पण त्याला ते ऐकायचं नव्हतं. खोपीच्या कळकाला टांगलेला बैलाचा आसूड त्यानं ओढून काढला. पहिला फटका मनुबाईच्या खांद्यावर बसला आणि चोळी फाटली. दुसऱ्यानं ती गुडघ्यावर आली. "माझ्या भावाला घर नको व्हय तुला? सगळं गाव म्हयनाभर उनात बसीवलंस, भवाने! पंच वाळीत टाकतील मला, वाळीत!" प्रत्येक शब्दाला एक फटका. धोंडुबाई मध्ये पडली तर तिला त्यानं बाजूला ढकललं. मग मनुबाईच्या केसांत हात घालून, ओस पडलेल्या गल्ल्यांमधून फरफटत त्यानं तिला घरी नेलं, माजघरात लोटलं आणि दाराला बाहेरून कडी घातली.

"उद्या गुढी हुभी ऱ्हाईस्तवर बस हितं," तो दाराबाहेरून म्हणाला. "मग सगळी मिळून घरात येऊ."

आकाराम त्या वेळी मळ्याच्या खालच्या टोकाला पाणी देत होता. तिथवर धावत गेली आक्काताई, पायवाटेवरच्या मुंग्या तुडवत. तिनं त्याला फक्त एवढं सांगितलं, की तुझ्या बायकोला त्या खोलीत कोंडलंय, आणि माझ्या तोंडानं कोंडलंय.

माजघरात मनुबाईला आपली पाठ ओली लागत होती. रक्त की घाम ते दिसत नव्हतं. बरगडीत श्वासागणिक कळ येत होती. पण तिला भीती वेगळीच होती. आकाराम आता येणार. दार उघडून या अंधारात येणार. मी कण्हले, नुसती कण्हले तरी तो पंजा तोंडावर येणार, आणि या वेळी चावायची ताकद नाही. तिनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्याच तोंडात कोंबला.

दार वाजलं नाही. आवाज आला तो मागून, भिंतीतून. धप्‌. मग पुन्हा धप्‌. माती झरझर खाली पडली.

आकाराम दारातून आलाच नव्हता. तो परसात होता, भर उन्हात, हातात मळ्यातली कुदळ. ती दोन हात रुंद भिंत तो बाहेरून फोडत होता.

"माझी भित!" लालासाहेबाची आरोळी तिला ऐकू आली. "आकाराम, हात थांबीव! तुझ्यासाटनं बांधलीया रं मी ती!" मग आसुडाचा फटका. कुदळीचा घाव. फटका. घाव. दोन्ही आवाज एकामागून एक येत राहिले. एकही फटका उलट बसल्याचा आवाज आला नाही. पलटणीत संगिनीनं माणसं मारून आलेला गडी तो, एक हिसडा दिला असता तर लालासाहेब उताणा पडला असता. तो नुसता खणत होता. लालासाहेबानं आसूड उलटा करून दांड्यानं हाणलं, तेव्हा घाव क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आणि मग आकारामाचा आवाज आला, धापा टाकत, तिनं कधी न ऐकलेला.

"ज्योतिबा! ज्योतिबा, हाईस का रं?"

मनुबाईनं भिंतीकडे तोंड वळवलं.

"ज्योतिबा, आवाज दे. आलोय मी. ह्या बारीला उशीर न्हाई केला. आवाज दे, गड्या."

भिंतीतून बोटभर उजेड आत आला आणि कणगीवर पडला. तो तिला नाही, मेलेल्या माणसाला शोधत होता. गप्प राहिलं तर ज्योतिबा पुन्हा एकदा मेला. बोललं तर बाहेरचा तो पंजा कसा वागेल, कुणी सांगावं? तिनं तोंडातला बोळा ओढून काढला. उभ्या जन्मात नवऱ्याला तिनं अरेतुरे केलं नव्हतं.

"हाय रं, गड्या," ती म्हणाली. "जित्ता हाय. काढ मला."

बाहेर कुदळ पडल्याचा आवाज झाला. मग तो हातांनीच उकरू लागला. भिंतीचा मोठा तुकडा धडाडून आत कोसळला, धुरळा उठला, आणि त्या भगदाडातून रक्तानं आणि मातीनं भरलेले दोन हात आत आले. त्यांनी तिचा हात चाचपून धरला. उजवाच, मोडलेला. आणि ओढला.

ती परसातल्या उन्हात येऊन पडली, ती कळ मस्तकात जाऊन किंचाळतच. आपलं किंचाळणं कानांवर आलं आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. तिला आकारामाचा पंजा वर आलेला कळला. त्याची सावली तिच्या पापण्यांवर पडली.

सावली तिथंच राहिली. तिनं डोळे उघडले. तो तिच्या तोंडावर येणारं ऊन हातानं अडवत होता. त्याची पाठ फाटली होती, आसुडाचं टोक खांद्यात रुतून राहिलं होतं. पलीकडे लालासाहेब आपल्या भिंतीतल्या भगदाडाकडे बघत खाली बसला होता, रिकाम्या हातांनी.

आकाराम तिच्याकडे बघत होता. तिच्याकडेच, दुसऱ्या कुणाकडे नाही.

"वरड," तो म्हणाला. "बिनघोर वरड, मने. हितं वर कुणी न्हाई."

मग मनुबाई ओरडली. दिवाळीपासूनचं सगळं ओरडली, आणि आकाराम तिच्याशेजारी मातीत बसून ऐकत राहिला.